बिल्ड होत नाहीये...

मोबाइलसाठी जावा शिकायला बसलेल्या माणसाला जावा अडवत नाही, असं माझं आता पक्कं मत झालंय. क्लास, ऑब्जेक्ट, इंटरफेस वगैरे मंडळी महिनाभरात डोक्यात शिरतात. माणूस अडतो तो त्याच्या आधीच, उंबरठ्यावर. प्रोग्राम लिहून झालेला असतो, पाच ओळींचा, स्क्रीनवर 'नमस्कार' दाखवणारा. बटण दाबलं की खालच्या पट्टीत लाल अक्षरं उमटतात: बिल्ड फेल्ड. मग पुढचे दोन-तीन दिवस त्या लाल अक्षरांशी झटापट चालते, आणि तिचा जावाशी जवळजवळ काहीच संबंध नसतो.

गंमत अशी की आपल्या धंद्यात हे दोन-तीन दिवस कुणी हिशोबातच धरत नाही. सिलॅबसमध्ये हा विषय नाही. इंटरव्ह्यूमध्ये हॅशमॅप आतून कसा चालतो ते विचारतात, पण 'बिल्ड मोडलं तर सगळ्यात आधी काय बघशील?' असं कुणी विचारत नाही. खरं तर नोकरीच्या पहिल्या आठवड्यात उपयोगी पडतं ते दुसऱ्या प्रश्नाचंच उत्तर. बिल्ड म्हणजे स्वयंपाकाआधीची भांडी घासण्यासारखं हलकं काम, अशी एक समजूत आहे. ती चूक आहे, आणि तिची किंमत नवीन माणूस मोजतो. आजचा लेख त्याबद्दल.

थोडं मागे जाऊ. मोबाइलवर जावा आलं ते अँड्रॉइडबरोबर नव्हे, त्याच्या बऱ्याच आधी. साध्या बटणांच्या फोनवर चालणारं जे-टू-एम-ई आठवतंय का? सनचं वायरलेस टूलकिट घ्यायचं आणि 'मिडलेट' लिहायचं. ते फोनपर्यंत पोचवायला ठरलेल्या पायऱ्या होत्या. आधी कंपाइल. मग प्रीव्हेरिफाय, कारण फोनच्या चिमुकल्या मेमरीत क्लास फाइलची पूर्ण तपासणी झेपायची नाही, म्हणून तिचा जड भाग आपल्या मशीनवर आधीच उरकून घ्यायचा. मग जार बांधायची. मग तिच्यासोबत जॅड नावाची छोटी मजकुराची फाइल, ज्यात अॅपचं नाव, व्हर्जन आणि जार किती बाइटची आहे तो आकडा. मग फोनवर चढवायचं.

आता समजा तुम्ही कोडमध्ये एक ओळ बदलून जार पुन्हा बांधली आणि जॅडमधला आकडा जुनाच राहिला. फोन दोन्ही ताडून बघायचा आणि अॅप घ्यायला नकार द्यायचा. एमआयडीपीच्या नियमांत या नकाराला चक्क क्रमांक दिलेला होता: ९०४, म्हणजे जारचा आकार जुळत नाही. ९०१ म्हणजे मेमरी पुरत नाही. ९०५ म्हणजे जॅड आणि जारमधली माहिती एकमेकींशी जुळत नाही. ९०९ म्हणजे सही पटली नाही.

ते दिवस काही सुखाचे नव्हते. प्रत्येक फोनचं तंत्र वेगळं, स्क्रीनचा आकार वेगळा, काही फोन तर ६४ केबीपेक्षा मोठी जार घ्यायचेच नाहीत. पण एक होतं. साखळी डोळ्यांना दिसायची. कडी कुठली तुटली ते बोट ठेवून सांगता यायचं, कारण कड्या आपणच हाताने जोडलेल्या असायच्या.

मग २००८ मध्ये अँड्रॉइड १.० आलं, आणि त्यासोबत एक्लिप्स आणि त्याचं एडीटी प्लगइन. साखळी प्लगइनच्या पोटात गेली. त्या पिढीतल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, 'आर कॅननॉट बी रिझॉल्व्ड' म्हणजे काय? तो दचकून उठेल. 'आर' हा क्लास आपण लिहायचाच नसतो. लेआउट, चित्रं, मजकूर असे सगळे रिसोर्सेस वाचून टूल तो आपोआप तयार करतं. त्यांतल्या एका जरी एक्सएमएल फाइलमध्ये चूक असली, किंवा एखाद्या चित्राच्या फाइलच्या नावात एक कॅपिटल अक्षर शिरलं, तर 'आर' तयारच होत नाही. आणि मग जिथे जिथे 'आर' वापरलाय तिथे तिथे, म्हणजे प्रत्येक जावा फाइलमध्ये, लाल रेघा. चूक एका चित्राच्या नावात, आणि बोंब मात्र शंभर ठिकाणी! त्यावर एक्लिप्सची आणखी एक मेहेरबानी होती. 'इम्पोर्ट नीट लावून दे' म्हटलं की तो कधी कधी अँड्रॉइडचा स्वतःचा 'आर' आणून बसवायचा. मग प्रश्न सुटल्यासारखा वाटायचा आणि दुसऱ्याच रूपात परत यायचा.

यातला धडा साधा आहे आणि आजही तंतोतंत लागू आहे. एरर दिसते तिथे चूक असेलच असं नाही. नवीन माणूस शंभर लाल रेघांमधली पहिली पकडून तिथला कोड बदलत बसतो, आणि चालू कोडही बिघडवून ठेवतो.

त्याच काळातली दुसरी गंमत. अॅप फोनवर टाकायला सही लागते. शिकताना टूल स्वतःच एक डीबग सर्टिफिकेट बनवून घ्यायचं. सुरुवातीच्या टूल्समध्ये त्याची मुदत होती ३६५ दिवस. म्हणजे एक वर्ष सगळं सुरळीत, आणि वर्ष भरलं की एका सकाळी बिल्ड बंद. कोडला हात लावलेला नाही, मशीन तेच, माणूस तोच. उपाय काय, तर ती जुनी की-स्टोअर फाइल उडवून द्यायची, टूल नवीन बनवतं. (पुढे ही मुदत ३० वर्षं केली. देव भलं करो.)

'मी काहीच बदललं नाही, तरी मोडलं' हे वाक्य आपण सीनिअर लोक हसण्यावारी नेतो. नेऊ नये. बऱ्याचदा ते शब्दशः खरं असतं.

आताचा जमाना अँड्रॉइड स्टुडिओ आणि ग्रेडलचा. २०१३ मध्ये स्टुडिओ जाहीर झाला, २०१४ च्या डिसेंबरात त्याचं १.० आलं, आणि बिल्डची सगळी सूत्रं ग्रेडलकडे गेली. ग्रेडल ताकदवान आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याने एक तिढा आणला. तीन व्हर्जन्स एकमेकांना धरून चालतात: जेडीके, ग्रेडल आणि अँड्रॉइडचं ग्रेडल प्लगइन. एक हलवलं की बाकीची दोन कुरकुरतात. प्लगइन ७.० ला जेडीके ११ लागतं, ८.० ला (हे २०२३ मध्ये आलं) जेडीके १७ लागतं. उलट ग्रेडल जुनं असेल तर त्याला नवीन जेडीके वाचता येत नाही. मग मिळतो तो सुप्रसिद्ध निरोप: 'अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६१'.

या ६१ वर किती जणांचे शनिवार-रविवार गेले असतील! खरं तर आकडा सरळ बोलतोय. त्यातून ४४ वजा करा: १७. म्हणजे 'जावा १७ ची क्लास फाइल समोर आली आणि ती मला वाचता येत नाही.' ६५ दिसलं तर जावा २१, ५२ म्हणजे जावा ८. एवढी वजाबाकी ठाऊक असली की कुणाला पुढे सरकवायचं आणि कुणाला मागे आणायचं ते कळतं. याच घरातला दुसरा प्रकार म्हणजे स्टुडिओत बिल्ड होतं आणि टर्मिनलमध्ये होत नाही. कारण स्टुडिओ स्वतःसोबत आणलेलं जेडीके वापरतो, आणि टर्मिनल बघतं ते मशीनवर 'जावा होम' म्हणून लावून ठेवलेलं. दोन वेगळी जावा, दोन वेगळे निकाल. भुताटकी काही नाही.

बाहेरचं जग बदलतं तेही आहेच. २०२१ च्या फेब्रुवारीत जेसेंटर ही लायब्रऱ्यांची मोठी वखार बंद करणार असं जाहीर झालं, आणि ऑगस्ट २०२४ पासून तिचा पत्ता मेव्हन सेंट्रलकडे वळवला गेला. पण २०१७-१८ सालचं पुस्तक किंवा व्हिडिओ समोर ठेवून शिकणाऱ्याला ते कोण सांगणार? तो पुस्तकातल्यासारखं अक्षरन् अक्षर टाइप करतो. जी लायब्ररी फक्त जेसेंटरवरच होती ती सापडत नाही, आणि बिल्ड म्हणतं 'कुड नॉट रिझॉल्व्ह'. तसंच अँड्रॉइड १२ चं. त्या व्हर्जनला टार्गेट केलं की ज्या अॅक्टिव्हिटीला इंटेंट फिल्टर आहे तिच्यावर 'एक्सपोर्टेड' हो की नाही ते स्पष्ट लिहावं लागतं, नाही तर मॅनिफेस्ट जुळतच नाही. तुम्ही तुमच्या मॅनिफेस्टमध्ये इमानदारीने लिहिता, तरी एरर जात नाही. कारण ती राहिलेली असते तुम्ही आणलेल्या एखाद्या लायब्ररीच्या मॅनिफेस्टमध्ये! स्टुडिओत 'मर्ज्ड मॅनिफेस्ट' नावाचा टॅब आहे, तिथे कुठली ओळ कुठून आली ते दिसतं. पण तो टॅब आहे हे कुणी सांगितलेलं नसतं.

हे सगळं पुराण कशासाठी, तर त्याचं टोक कुठे बोचतं ते सांगायला. माझ्या कॉलेजच्या मित्राची मुलगी लातूरकडे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. प्रोजेक्ट म्हणून शेतमालाच्या भावांचं छोटं अॅप, जावामध्ये. कॉलेजच्या लॅबमध्ये चालायचं, सुटीत घरी आली की चालायचं नाही. आठवडाभर झटून तिने स्टुडिओ तीनदा काढून तीनदा टाकला होता, तोही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, म्हणजे दर वेळी एक-दीड जीबी डेटा खर्च करून. शेवटी मित्राने फोन तिच्या हातात दिला. पहिलं वाक्य काय, तर "काका, मला वाटतं मला प्रोग्रामिंग जमत नाही. मी टेस्टिंगचा कोर्स करते."

म्हटलं, "ते नंतर ठरवू गं. आधी मला सगळ्यात आतल्या ओळीत काय लिहिलंय ते वाचून दाखव."

"कुठली आतली?"

"'व्हॉट वेन्ट राँग' दिसतंय? त्याच्या खाली ओळी पायरीपायरीने आत सरकत जातात बघ. सगळ्यात आतली."

तिने वाचलं. दहा डॉटने सुरू होणाऱ्या एका पत्त्याशी कनेक्शन होत नाही, वेळ संपली. विचारलं, हा पत्ता कुणाचा? पाच सेकंद शांतता, आणि मग "अय्या, हा तर लॅबचा प्रॉक्सी आहे!" बस. लॅबमध्ये स्टुडिओत प्रॉक्सी भरला तेव्हा तो ग्रेडलच्या होम फोल्डरमधल्या प्रॉपर्टीज फाइलमध्येही लिहिला गेला होता. घरी आल्यावरही ग्रेडल बिचारं त्या लॅबच्याच दारावर थापा मारत होतं. स्टुडिओ काढून टाकला तरी ते फोल्डर जागेवरच राहतं, त्यामुळे तीन काय तीस वेळा इन्स्टॉल केलं असतं तरी काही फरक पडणार नव्हता. प्रॉक्सीच्या ओळी काढल्या, बिल्ड झालं.

बघा, पोरीने अख्खं अॅप लिहिलं होतं. लिस्ट, डेटाबेस, नेटवर्क कॉल, सगळं. आणि ती स्वतःला नापास करत होती दोन-चार ओळींच्या कॉन्फिगरेशनपायी. तिला जावा येत होतं, नेटवर्क येत होतं. एरर वाचायची असते, एवढंच तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. तिला मिळालेला सल्ला काय होता? क्लीन कर, रीबिल्ड कर, कॅश उडव, रीस्टार्ट कर, नाहीच झालं तर पुन्हा इन्स्टॉल कर. हा सल्ला म्हणजे दुखतंय कुठे ते न विचारता दिलेला अंगारा. कधी कधी गुण येतोही, आणि म्हणूनच तो जास्त घातक. गुण का आला ते कळत नाही, म्हणून पुढच्या वेळी पुन्हा अंगारा.

यावर एक ठरलेला आक्षेप येतो: 'आम्हीही असेच धडपडत शिकलो, धडपडल्याशिवाय येत नाही.' मला हे अर्धंच पटतं. धडपड शिकवते, पण कधी? पडल्यावर कशाला अडखळलो ते दिसलं तर. अंधारात आठवडाभर भिंतीवर डोकं आपटून एवढंच शिकायला मिळतं की भिंत कडक आहे. शिवाय 'आम्ही'मधले जे धडपडून बाहेर पडले तेच आज हे वाक्य बोलायला इथे आहेत. जे उंबरठ्यावरूनच परत गेले ते आपल्या चर्चेत येतच नाहीत.

दुसरं, 'आता एआयला विचारलं की उत्तर मिळतं, कशाला एवढा घोळ?' मिळतं, मीही विचारतो. पण त्याच्यापुढे कुठली ओळ ठेवायची हे आपल्यालाच कळावं लागतं. शंभर लाल रेघांमधली चुकीची रेघ दिली तर चुकीच्या रेघेचं सुबक उत्तर मिळतं. आणि त्याने सुचवलेली तीन व्हर्जन्स तीन वेगवेगळ्या वर्षांतली असली तर ते ओळखायला पुन्हा आपणच.

मग करायचं काय? माझ्या मते एरर मराठीतून वाचायला शिकवावी. थट्टा नाही, मनापासून सांगतोय. मराठी माध्यमातून आलेल्या पोरांना त्या लाल इंग्रजीची धडकी भरते, पण ही इंग्रजी शेक्सपिअरची नव्हे. तीच तीच वाक्यं फिरून फिरून येतात. 'कॅननॉट फाइंड सिम्बॉल' म्हणजे 'हे नाव मला ठाऊक नाही'. 'कुड नॉट रिझॉल्व्ह' म्हणजे 'तुम्ही सांगितलेली वस्तू आणायला गेलो, मिळाली नाही'. 'डुप्लिकेट क्लास' म्हणजे 'एकाच नावाचे दोघे आलेत, कुणाला आत घेऊ?' 'मॅनिफेस्ट मर्जर फेल्ड' म्हणजे 'दोन कागदांवर दोन गोष्टी लिहिल्यात, खरी कुठली?' 'एसडीके लोकेशन नॉट फाउंड' म्हणजे 'सामान कुठे ठेवलंय ते सांगा की!' हे एकदा मराठीत ऐकलं की एरर म्हणजे बिल्डने आपल्याला विचारलेला प्रश्न आहे हे लक्षात येतं.

आणि मग चार गोष्टी, याच क्रमाने:

एक, सगळ्यात आतली ओळ, किंवा लांबलचक स्टॅकट्रेस असेल तर शेवटचं 'कॉज्ड बाय' वाचा. वरचं सगळं म्हणजे निरोप्यांची रांग.

दोन, कुठली पायरी तुटली ते ठरवा: वस्तू आणणं, रिसोर्सेस, कंपाइल, एकत्र बांधणं, सही, की फोनवर चढवणं? जे-टू-एम-ईची साखळी आजही आहे, फक्त झाकलेली आहे. कुठलं टास्क पडलं ते ग्रेडल नावानिशी सांगतं.

तीन, शेवटचं चालत होतं तेव्हापासून काय बदललं? कोड, टूल, मशीन, नेटवर्क की तारीख? हो, तारीखसुद्धा.

चार, एका वेळी एकच गोष्ट बदला. पाच बदलून चाललं तर कशाने चाललं ते कळत नाही, आणि उरलेले चार बदल पुढच्या वर्षी दगा देतात.

'डुप्लिकेट क्लास'चं उदाहरण घ्या. कोटलिन १.८ नंतर कितीतरी निव्वळ जावाच्या प्रोजेक्ट्सना कोटलिनचे क्लास दोनदा आल्याची एरर आली. लोक चिडले, 'माझ्या प्रोजेक्टात कोटलिनचा क नाही!' पण लायब्रऱ्यांच्या मागून कोटलिन गुपचूप आलेलंच होतं. १.८ मध्ये आधी वेगळे असलेले दोन तुकडे मुख्य लायब्ररीत सामावले गेले, आणि कुणीतरी जुने तुकडेही सोबत आणत होतं. ग्रेडलला डिपेन्डन्सीची यादी विचारली की कुणाच्या वशिल्याने कोण आलंय ते दोन मिनिटांत दिसतं. न विचारता इकडून तिकडून ओळी चिकटवत बसलं की दोन दिवस.

उरली आपली, म्हणजे सीनिअर आणि शिकवणाऱ्यांची जबाबदारी. 'माझ्या मशीनवर चालतं' हे उत्तर नव्हे. प्रोजेक्ट देताना ग्रेडल रॅपरसकट द्या, म्हणजे सगळ्यांना तेच ग्रेडल मिळेल. कुठलं जेडीके लागतं ते पहिल्या पानावर लिहा. स्वतःच्या मशीनचे पत्ते असलेली लोकल प्रॉपर्टीज फाइल रिपॉझिटरीत टाकू नका. लायब्ररीच्या व्हर्जनपुढे अधिकचं चिन्ह लावून 'जे नवीन असेल ते आण' असं सांगू नका, नाही तर आज झालेलं बिल्ड उद्या होईलच याचा भरवसा नाही. विंडोजवर प्रोजेक्टच्या पाथमध्ये देवनागरी अक्षर आलं तर अँड्रॉइडचं बिल्ड अडतं, हे कौतुकाने स्वतःचं नाव मराठीत घातलेल्या पोराला आधीच सांगा. आणि लॅबमध्ये ४ जीबी रॅमची मशीन्स असतील तर पोरांना दोष देऊ नका. स्टुडिओची स्वतःची किमान मागणीच ८ जीबीची आहे.

शिकवणाऱ्यांना एक विनंती. सेमिस्टरचं एक प्रॅक्टिकल फक्त मोडलेल्या बिल्डचं ठेवा. चालणारा प्रोजेक्ट घ्या, त्यात मुद्दाम सहा खोड्या करून ठेवा: एका चित्राचं नाव कॅपिटल, एक लायब्ररी अस्तित्वात नसलेल्या व्हर्जनची, मॅनिफेस्टमधलं 'एक्सपोर्टेड' काढलेलं, चुकीचं जेडीके, भलता प्रॉक्सी, न जुळणारं प्लगइन. दोन तास द्या. मार्क दुरुस्तीला थोडे, आणि 'एरर काय म्हणत होती' ते स्वतःच्या शब्दांत लिहिण्याला जास्त.

मित्राची मुलगी सध्या पुण्यात अँड्रॉइडवरच काम करते. मध्यंतरी तिचा मेसेज आला, त्यांच्याकडे नवीन आलेल्या एका मुलाचं बिल्ड होत नव्हतं आणि तो स्टुडिओ अनइन्स्टॉल करायला निघाला होता. तिने त्याला थांबवून आतली ओळ वाचायला लावली म्हणे.